सांभाळणाऱ्यांची प्रणाली : डेबियनवरील मराठी पुस्तिकेची प्रस्तावना

१४ फेब्रुवारी २००९ रोजी डेबियन या मुक्त संगणकप्रणालीची ‘लेनी’ ही आवृत्ती जाहीर झाली. तिचा इन्स्टॉलर ६३ भाषांत चालत होता. आधीच्या आवृत्तीत नसलेल्या पाच भाषा त्यात नव्याने आल्या होत्या : आम्हारिक, आयरिश, उत्तर सामी, सर्बियन आणि मराठी. कोऱ्या डिस्कच्या संगणकात सीडी घातली किंवा पेनड्राइव्ह लावला की बूट मेनूनंतर भाषांची यादी येते आणि तिच्यात ‘मराठी’ हे नाव देवनागरीत दिसते. ते निवडले की देश कोणता, कीबोर्ड कोणता, पासवर्ड काय, डिस्कचे भाग कसे पाडायचे, हे सगळे प्रश्न मराठीत विचारले जातात. हे भाषांतर मुंबईच्या सी-डॅक संस्थेतल्या ‘जनभारती’ प्रकल्पाने केले. मराठीत किती ग्राहक मिळतील असा हिशेब डेबियनने त्याआधी मांडला नव्हता. भाषांतर पूर्ण होऊन आले, म्हणून ते घेतले गेले.

भाषांच्या यादीतली ही ओळ आपोआप टिकत नाही. प्रत्येक नव्या आवृत्तीत इन्स्टॉलरला नवे प्रश्न येतात, जुन्यांची शब्दरचना बदलते. भाषांतराची फाइल मागे पडत गेली की एका टप्प्याला ती भाषा यादीतून काढली जाते. त्यात राग-लोभ काही नसतो. अर्धे प्रश्न एका भाषेत आणि अर्धे इंग्रजीत दाखवण्यापेक्षा न दाखवलेले बरे, एवढाच विचार असतो. म्हणजे मराठी तिथे आहे, कारण कुणीतरी ती फाइल सांभाळते आहे. या पुस्तिकेच्या निमित्ताने मला जे सांगायचे आहे ते हेच. ही प्रणाली जशी लिहिणाऱ्यांची आहे, तशीच, किंबहुना थोडी जास्तच, सांभाळणाऱ्यांची आहे.

पुस्तिकेमागचे कारण अगदी व्यवहारातले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि ठराविक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. ठाकुर्लीपासून डोंबिवली-कल्याणपर्यंतच्या घरांत, क्लासमध्ये, डीटीपीच्या दुकानांत, सोसायट्यांच्या ऑफिसांत असे कितीतरी संगणक आहेत जे उत्तम चालतात, पण या अटींत बसत नाहीत. मुलांच्या अभ्यासाला घेतलेला, हप्ते फेडून झालेला डेस्कटॉप भंगारात द्यायचा का, हा प्रश्न दुरुस्तीच्या दुकानात रोज विचारला जातो. इथल्या काही तरुण मुलामुलींनी त्याचे उत्तर शोधायला सुरुवात केली. शेजारच्यांच्या संगणकांवर डेबियन बसवून दिले, लोकांनी विचारलेले प्रश्न वहीत टिपले. ती वही वाढत वाढत ही पुस्तिका झाली. म्हणून हिच्यातली प्रकरणे पाठ्यपुस्तकासारखी क्रमाने येत नाहीत. छपाईयंत्र का चालत नाही, हा प्रश्न ‘कर्नल म्हणजे काय’ याच्या आधी आला आहे. मला तो क्रम बरोबर वाटतो.

आता डेबियन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. कोणालाही वापरता, वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण संगणकप्रणाली उभी करायची, हा त्याचा हेतू. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्स हे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिहिले आणि पुढच्या वर्षी ते ग्नूच्या परवान्याखाली दिले. तुकडे तयार होते, पण ते जुळवून सामान्य माणसाच्या हाती देण्याचे काम कोणी नेटाने करत नव्हते. १६ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या इयन मर्डॉकने ते हाती घेतल्याचे जाहीर केले. मैत्रीण डेब्रा आणि आपण स्वतः, अशी दोन नावे जोडून त्याने ‘डेबियन’ हे नाव ठेवले. काम मात्र त्याने दोघांपुरते ठेवले नाही. एकेक प्रोग्राम एकेका माणसाने सांभाळायचा, सगळ्यांनी एकाच नियमावलीने बांधायचे, ही रचना त्याने सुरुवातीलाच घालून दिली. मर्डॉक २०१५ च्या डिसेंबरमध्ये गेला. ती रचना आजही चालू आहे.

या रचनेचा आवाका पाहण्यासारखा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६९ हजारांवर पॅकेजेस आहेत. टायपिंगपासून खगोलशास्त्रापर्यंतची साधने, फाँट, खेळ, सर्व्हर असे सगळे त्यात येते. प्रत्येक पॅकेजला मेंटेनर असतो, एक माणूस किंवा एक गट. मूळ लेखकाने प्रोग्रामची नवी आवृत्ती काढली की मेंटेनर ती घेतो, परवाना तपासतो, डेबियनच्या नियमांत बसवतो आणि ‘अनस्टेबल’ या शाखेत चढवतो. तिथे जगभरचे धाडसी लोक ती वापरून मोडून पाहतात. काही दिवस गंभीर दोष निघाला नाही तर ती ‘टेस्टिंग’मध्ये सरकते. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंगमध्ये नवे काही घेणे थांबवतात, उरलेले दोष काढत बसतात आणि समाधान झाले की ‘स्टेबल’ जाहीर करतात. आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या पात्रांची नावे देतात. अनस्टेबलचे नाव कायमचे ‘सिड’ आहे, त्या चित्रपटातला खेळणी मोडणारा मुलगा. मेंटेनरला वेळ होईनासा झाला तर पॅकेज अनाथ म्हणून जाहीर होते आणि त्या पॅकेजांची यादी कोणालाही पाहता येते. वापरणाऱ्याला यातले काही दिसत नाही. तो ‘ॲप्ट’ या साधनाला नाव सांगतो, ॲप्ट त्या प्रोग्रामला लागणारे बाकीचे सगळे शोधून आणते, डेबियनच्या सहीशी सगळे पडताळते आणि बसवते.

सही हा शब्द इथे शब्दशः घ्यावा. डेबियनचा डेव्हलपर होण्यासाठी आपली डिजिटल किल्ली आधीच्या डेव्हलपरकडून प्रमाणित करून घ्यावी लागते आणि त्यासाठी सहसा प्रत्यक्ष भेटून ओळखपत्र दाखवावे लागते. इंटरनेटवर उभ्या राहिलेल्या या समाजाचा पाया असा समोरासमोरच्या ओळखीवर घातलेला आहे. दरवर्षी ‘डेबकॉन्फ’ ही प्रकल्पाची परिषद भरते. सप्टेंबर २०२३ मध्ये ती पहिल्यांदा भारतात, कोचीला भरली. दरवर्षी प्रकल्पाच्या नेत्याची निवडणूक होते. मतदार पसंतीक्रम देतात आणि मतपत्रिकेवर ‘यांपैकी कोणीही नको’ हा पर्यायही असतो. केरळच्या श्रुती चंद्रन २०२०, २०२१ आणि २०२४ अशा तीन निवडणुकांत उमेदवार होत्या. निवडून आलेल्या नेत्याला मात्र कोणालाही काम लावता येत नाही. प्रकल्पासाठी काम करण्याचे बंधन कोणावरही नाही, असे डेबियनच्या १९९८ च्या घटनेतच लिहिलेले आहे. बंधन नसताना इतके काम इतकी वर्षे होते, याचा विचार मी अनेकदा केला आहे. इथे पैसा अजिबात नाही असेही नाही. अनेकांना त्यांच्या कंपन्या या कामाचा पगारही देतात. माझ्या मते खरे कारण असे की इथे प्रत्येकाच्या वाट्याला आटोपशीर, नावानिशी आपला म्हणता येईल असा तुकडा येतो.

ठाकुर्लीच्या वाचकाला हे इमारतीवरून लगेच कळेल. बिल्डर चाव्या देऊन निघून जातो. त्यानंतर पंप, टाकी, गच्चीची गळती आणि लिफ्टचा करार सोसायटीच्या त्या दोन-तीन माणसांकडे येतो, जी रविवारी सकाळी रजिस्टर उघडून बसतात. सॉफ्टवेअरचेही असेच आहे आणि तिथेही त्या दोन-तीन माणसांवर किती भार आहे हे बहुतेकांना माहीत नसते.

त्या भाराचे काय होऊ शकते, हे मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिले. ‘एक्सझेड’ नावाचे एक छोटे साधन आहे. फाइली दाबून लहान करणे एवढेच त्याचे काम, पण ते जवळजवळ प्रत्येक लिनक्स संगणकावर असते. ते फिनलंडमधला लासे कॉलिन हा एक माणूस बिनपगारी सांभाळत होता आणि थकला होता. २०२१ पासून ‘जिया टॅन’ हे नाव घेतलेल्या कोणीतरी त्याला मदत करायला सुरुवात केली. छोट्या दुरुस्त्या पाठवल्या, हळूहळू विश्वास कमावला आणि अखेर नव्या आवृत्त्या काढण्याचा अधिकार मिळवला. मग २०२४ च्या सुरुवातीला त्या नावाने एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरवाट दडवली. तिच्यातून दुसऱ्याच्या सर्व्हरमध्ये शिरता आले असते. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा अभियंता डेबियन सिडवर काही मोजमापे घेत होता. दूरच्या संगणकात लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढे त्याच्या लक्षात आले. त्याने तो अर्धा सेकंद सोडला नाही. खणत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळे जाहीर केले. बिघडलेली आवृत्ती सिड आणि टेस्टिंगपर्यंत पोचली होती. स्टेबलला ती लागली नव्हती. सावकाश पुढे सरकण्याच्या ज्या शिस्तीला लोक कंटाळवाणी म्हणतात, तिने त्या दिवशी असंख्य सर्व्हर वाचवले.

या प्रसंगाचा अर्थ काहीजण असा लावतात की स्वयंसेवकांवर विसंबणेच धोक्याचे. मला ते पटत नाही. फ्रॉइंडला प्रोग्रामचा मूळ कोड वाचता आला, प्रत्येक बदल कोणी कधी केला ते पाहता आले, म्हणून तो शोध लागला. धोका एकट्या, थकलेल्या माणसात होता, आणि त्याला एकटे सोडण्यात आपल्यासारख्या सगळ्या वापरणाऱ्यांचा वाटा होता. डेबियनच्या स्वतःच्या हातूनही मोठी चूक झालेली आहे. २००६ साली ओपनएसएसएल या पॅकेजमध्ये एका तपासणी-साधनाची तक्रार मिटवण्यासाठी बदल केला गेला. त्यामुळे किल्ल्या तयार करतानाची यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली आणि शक्य असलेल्या वेगवेगळ्या किल्ल्यांची संख्या काही हजारांवर आली. मे २००८ मध्ये हे उघडकीस आले तेव्हा प्रकल्पाने सर्वांना स्पष्ट सांगितले आणि जुन्या किल्ल्या टाकून द्यायला लावल्या. १९९७ च्या ‘सामाजिक करारा’त डेबियनने दोष लपवणार नाही असे वचन दिले आहे. ते वचन असे अडचणीच्या दिवशी तपासले जाते.

मराठीकडे येतो. संगणकावर मराठी अक्षर उमटण्यामागे किती जणांची मेहनत असते, याचा एक नमुना जवळून पाहू. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द घ्या. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात अर्धा र आडव्या रेघेसारखा य ला जोडलेला आहे. हिंदीला हा दुसरा प्रकार सहसा लागत नाही. मराठीला पुऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर, कोऱ्या असा पावलोपावली लागतो. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य, असा क्रम ठेवावा लागतो. तो क्रम ओळखून योग्य आकार उचलण्याचे काम ‘हार्फबझ’ हे मुक्त साधन करते. फायरफॉक्स आणि लिबरऑफिसही तेच वापरतात. तो आकार फाँटमध्ये असावा लागतो आणि कीबोर्डच्या मांडणीत तो टंकायची सोय असावी लागते. तीन ठिकाणी तीन वेगळी माणसे. एक जरी चुकला तरी ‘दऱ्या’चा पाय मोडलेला दिसतो. ‘ॲ’ची गोष्टही अशीच. ‘ॲप’, ‘ॲसिड’ यांतला हा स्वर २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये आला. त्याआधीच्या फाँटमध्ये तिथे नुसता चौकोन उमटायचा. प्रत्येक फाँटमध्ये तो कोणीतरी बसून काढावा लागला. मराठी वळणाचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा असतो, हे तर शाळेत जाणाऱ्या मुलालाही ठाऊक आहे. डेबियनमध्ये लोहित फाँटचे मराठीसाठी म्हणून स्वतंत्र पॅकेज आहे.

लोहितचा उल्लेख आला म्हणून सांगतो. हा फाँटसंच पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवला आणि रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ साली तो मुक्त परवान्याखाली दिला. मॉड्युलर म्हणजे ‘श्रीलिपी’वाले. डोंबिवलीतल्या कुठल्याही जुन्या डीटीपी-चालकाला ते नाव सांगावे लागणार नाही. ज्या गावाने मराठी छपाईला पडद्यावर आणले त्याच गावातून मराठीला मुक्त प्रणालींत नेणारे काम झाले, ही आपल्या भाषेच्या इतिहासात नोंदवण्याजोगी गोष्ट आहे. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणकशास्त्र संस्थेत ‘ग्नुनिफाय’ ही परिषद वर्षानुवर्षे भरत होती आणि ती उभी करण्यात पुण्याच्या लिनक्स युजर्स ग्रुपचा मोठा हात होता. मुंबईत इंडलिनक्स या गटाने भारतीय भाषांतल्या डेस्कटॉपचा पाया घातला. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात नागार्जुन जी. यांनी मुक्त सॉफ्टवेअर शिक्षणाशी जोडले. पवईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ उभे राहिले. त्यातले दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीतही ऐकता येतात, आणि इंग्रजीला बिचकणाऱ्या विद्यार्थ्याला मी अजूनही सगळ्यात आधी तेच सुचवतो.

इतके सगळे ठाकुर्लीहून लोकलच्या अंतरावर, फार तर पुण्याच्या गाडीच्या अंतरावर घडलेले आहे. तरीही शाळांच्या बाबतीत महाराष्ट्र मागे राहिला, हे मला स्पष्ट लिहिले पाहिजे. केरळने आपल्या सरकारी शाळांची संगणकशिक्षणाची सगळी व्यवस्था मुक्त प्रणालीवर नेली. शिक्षकांना प्रशिक्षण दिले, मल्याळममधली साधने तयार करवून घेतली. त्यातून तयार झालेली मुलेमुली आज डेबियनच्या कामात दिसतात. आपल्याकडे संगणक शिकणे म्हणजे एका कंपनीच्या खिडक्या आणि मेनू पाठ करणे, असेच बहुतेक ठिकाणी राहिले. यात गुणवत्तेची उणीव कुठेच नव्हती. सकाळी ठाकुर्लीला स्लो लोकल पकडून ऐरोली, महापे, पवईला जाणाऱ्यांत कितीतरी जण दिवसभर लिनक्सचे सर्व्हरच सांभाळतात. ज्या कौशल्याची मराठीच्या फाइलींना गरज आहे ते या फलाटावर रोज उभे असते.

आणि स्वयंसेवेची सवय इथे नवी नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. सरकारने सांगितले म्हणून ती उभी राहिली नाहीत. वर्गणी गोळा करणारे, पुस्तकांना कव्हरे घालणारे, हिशेब लिहिणारे लोक पिढ्यानपिढ्या मिळत गेले म्हणून ती टिकली. डोंबिवलीची गुढीपाडव्याची स्वागतयात्रा पाहिलेल्या माणसाला शेकडो लोक बिनपगारी एकत्र कसे काम करतात हे समजावून सांगावे लागत नाही.

पुस्तिकेविषयी चार शब्द. इन्स्टॉलेशनचे प्रकरण चित्रांसह आहे आणि ते मराठी इन्स्टॉलरवरच लिहिले आहे. त्यामुळे वाचकाला पडद्यावर जे दिसेल तेच पानावर दिसेल. जुन्या संगणकांच्या प्रकरणात एक महत्त्वाची सूचना आहे, ती वगळू नका. डेबियन १३ पासून ३२-बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलर बंद झाला आहे. फार जुना डबा असेल तर आधी प्रोसेसर तपासा. मराठी टंकनाचे प्रकरण मला सगळ्यात आवडले. त्यात इनस्क्रिप्ट मांडणी बोट धरून शिकवली आहे आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना काय काय मोडते ते उदाहरणांसह दिले आहे. मराठी छापील पान स्कॅन करून मजकूर मिळवण्यासाठी ‘टेसरॅक्ट’चे मराठी पॅकेज कसे वापरायचे, हेही आहे. जुन्या स्मरणिका आणि हस्तलिखित अंकांच्या पुस्तकरूप आवृत्त्या जपणाऱ्या मंडळांना त्याचा उपयोग होईल. सर्व्हरचे प्रकरण मात्र घाईत उरकल्यासारखे वाटते. पुढच्या आवृत्तीत ते वाढवावे, असे मी लेखकांना सांगितले आहे. पुस्तिका मुक्त परवान्याखाली आहे. झेरॉक्स काढा, बदला, आपल्या गावच्या उदाहरणांनी भरा, त्याला परवानगी मागायची गरज नाही.

शेवटचे प्रकरण दोष कळवणे आणि भाषांतर यांवर आहे. वाचकांना माझी विनंती आहे की ते शेवटी वाचू नका. डेबियन बसवताना मराठी निवडा. एखादे वाक्य कृत्रिम वाटेल, एखादा शब्द डोंबिवलीत कोणी बोलत नाही असा असेल, एखादे जोडाक्षर तुटलेले दिसेल. ते तिथल्या तिथे टिपून घ्या आणि त्या प्रकरणात सांगितल्याप्रमाणे कळवा. प्रोग्रामिंग येत नसले तरी चालेल. चांगले मराठी येणारा शिक्षक, निवृत्त कारकून, मुद्रितशोधक या कामाला अभियंत्याइतकाच हवा आहे. आणि एकदा फाइल हाती घेतलीत तर पुढच्या आवृत्तीपर्यंत ती सोडू नका. सोडावीच लागली तर दुसऱ्या कुणाच्या तरी हाती देऊन मगच सोडा.